बोंडाचं सरबत, सामायिक सातबारा आणि वाडीतल्या वीस बायका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही डोंबिवलीत राहता, मूळ घर राजापूर तालुक्यात, आजोबा परळच्या गिरणीत होते आणि गावचं घर आता गणपती-शिमगा सोडला तर बंदच असतं. मे महिन्यात काजूची बोंडं झाडाखाली कुजताना पाहिलीत आणि मनात आलं, याचं सरबत केलं तर वाडीतल्या वीसेक बायकांना गावातच काम मिळेल. पुण्याजवळच्या एका संस्थेचं काम पाहून आलात, ते आवडलं. आता विचारताय की तोच साचा कोकणात बसेल का, नोंदणी कंपनी म्हणून करावी की सहकारी संस्था म्हणून, आणि "गावाचा इतिहास वगैरे समजून घेण्यात खरंच किती वेळ घालवावा?"

तुम्ही शेवटी जोडलेला हा प्रश्न माझ्या मते पहिला आहे. मी कुडाळ तालुक्यात गेली बावीस वर्षं बायकांच्या गटांबरोबर कोकमाचं काम करते. पहिल्या पाच-सहा वर्षांत आमचं जे काही बिघडलं, त्यातलं फारच थोडं यंत्रामुळे किंवा हिशोबामुळे बिघडलं. जमीन कोणाची, झाड कोणाचं, विहिरीवर कोण येतं, मुंबईत कोण बसलंय, हे मला कळलेलं नव्हतं म्हणून बिघडलं. या सगळ्याची उत्तरं गावाच्या इतिहासातच असतात. पुस्तकातल्या नव्हे, तलाठ्याच्या दप्तरातल्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीतल्या.

एक आधीच सांगते. माझा अनुभव सिंधुदुर्गातला, तुमची वाडी राजापुरातली. वाडी एकाच भावकीची असेल तर गोष्ट वेगळी. कुणबी, मराठा, बौद्ध, मुसलमान अशा वस्त्या शेजारीशेजारी असतील तर वेगळी. रस्त्यापासून सडा, म्हणजे कातळाचं पठार, किती दूर, पाणी मार्चमध्ये आटतं की मेमध्ये, यावरही पुष्कळ अवलंबून. म्हणून माझी उत्तरं जशीच्या तशी उचलू नका. त्यांच्यापर्यंत मी कशी पोचले तेवढं बघा.

सुरुवात तुमच्या बोंडापासूनच करू. काजू पोर्तुगिजांनी आणला, हे आपल्याला ठाऊक असतं. तेरेखोल खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे झाड तेच, पाऊस तोच, माती जवळपास तीच. तरी पलीकडे बोंडाला किंमत आहे आणि अलीकडे ते गुरांपुढे पडतं नाहीतर कुजतं. गोवा डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलात होता. तिथे बोंडं तुडवून रस काढायचा, त्याचा नीरो (ताजा रस), हुर्राक (पहिल्या धारेची दारू), मग फेणी, हा गावोगावचा मोसमी धंदा पिढ्यान्‌पिढ्या उघडपणे चालत आला. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि बोंडाचा सगळ्यात मोठा उपयोगच कायद्याच्या कचाट्यात सापडला. राहिली ती फक्त बी.

सरबताशी याचा संबंध असा. गोव्यातल्या बागेत माणूस रोज सकाळी बोंड वेचायला जातो, कारण त्याला बोंडच हवं असतं. आपल्याकडे माणूस बी वेचायला जातो, तोही सवड मिळेल तेव्हा, दोन-तीन दिवसांनी. बोंड पिरगळून बी काढली की बोंड तिथेच टाकलं. पडलेलं बोंड दिवसाभरात आंबायला लागतं. तेव्हा तुम्हाला सरबताच्या आधी रोज सकाळी, न चेंगरलेलं बोंड वेचून, दुपारच्या आत शेडवर पोचवायची रीत लावावी लागेल. रसाचा तुरटपणा काढणं त्यामानाने सोपं आहे. तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची खळ घालून चोथा खाली बसवतात, हे कोणीही चार दिवसांत शिकतं. वेचायची सवय लागायला दोन-तीन मोसम जातात, आणि तुमच्या पैशाच्या आराखड्यात ते मोसम नाहीत.

पुढचा प्रश्न, बोंड कोणाचं? १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली, शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली आणि कोकणातल्या सड्यांवर, डोंगरउतारांवर आंब्या-काजूची कलमं लागली. योजना चांगलीच होती, मी तिची फळं बघितली आहेत. पण ज्याच्या नावावर जमीन होती त्याची बाग झाली, ज्याच्या नावावर नव्हती त्याला खड्डे खणायची मजुरी मिळाली. तुमच्या मनात ज्या वीस बायका आहेत त्यांतल्या कितीजणींच्या घरी स्वतःची काजूची बाग आहे, हे मोजलंत का? बहुतेकींच्या घरी नसेल, तर बोंड फुकट आहे हा तुमचा हिशोब टिकणार नाही. फुकट असतं तोवरच ते फुकट असतं.

हे वाक्य मी फार मोठी किंमत देऊन शिकले, म्हणून ती गोष्ट सविस्तर सांगते.

आमच्याकडे कोकमाची झाडं बांधावर, वहाळाच्या काठाला, राईत आपसूक उगवलेली असतात. रतांबे, आमच्या बोलीत भिरंडां, वेचायचा हक्क कुठे लिहिलेला नव्हता. गरीब घरच्या बायका पोरांना घेऊन जायच्या, पाट्या भरून आणायच्या, फोडून सोलं सुकवायच्या, बियांचं मुटेल, म्हणजे घट्ट तेल, काढायच्या. जमीनमालक बघायचाही नाही. आम्ही दुसऱ्या वर्षी ओल्या फळाचा भाव चांगला वाढवला, वेचणाऱ्या बाईला जास्त पैसे मिळावेत म्हणून. त्या वर्षी खरंच मिळाले. तिसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी त्याच बायका रिकाम्या पाट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. "औंदा भिरंडां मक्त्यान दिलेली आसत," त्यातली एक म्हणाली. मालकाला कळलं होतं की या फळाला पैसे येतात. त्याने झाडं एका व्यापाऱ्याला मक्त्याने दिली आणि बायकांना बांधावर यायला बंदी केली. आमच्या चांगल्या भावामुळे सगळ्यात गरीब बाईच्या हातातलं फळ गेलं.

मला वाटलं, मालक लोभी आहे. आमच्या गटातल्या एका ऐंशी वर्षांच्या आजींनी मला जवळ बसवून समजावलं की हे लोभाच्या आधीचं आहे. त्यांच्या सासऱ्याने त्याच बांधावर खोताच्या वेळी राबून खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, घातला होता. झाडाचं फळ कोणाचं, लाकूड कोणाचं, पाल्याचा कवळ कोणी तोडायचा, हे भांडण त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा माणूस. कोकणाची निम्मी कथा या एका शब्दात आहे. अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ संप केला, जमिनी कसायचंच थांबवलं. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळांना मालकीची वाट उघडली. पण कागदावर कूळ लागलं तेवढ्यांनाच. ज्यांचं नाव लागलं नाही, त्यांच्याकडे वेचण्याची सवय तेवढी उरली. मी त्या सवयीला भाव लावला आणि तिच्या जागी मालकी जागी केली.

मग आम्ही काय केलं? भाव कमी केला नाही. मालकांकडे एकेक करून गेलो आणि मोसमाच्या आधी, फेब्रुवारीतच, साधा करार केला: झाडाचा वाटा मालकाला, वेचणीचा वाटा वेचणारीला, आणि वेचणारी कोण ते आधीच नावाने लिहायचं. जिची आजी त्या झाडाखाली जायची तिचंच नाव आधी. तीन मालकांनी नकार दिला, बाकीचे तयार झाले. त्यासोबत आम्ही वाडीतल्या परसांत कलमं लावायला घेतली. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियांपासून लावलं तर फळ न देणारी झाडंही वाढतात, म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कलमंच आणली. आज आमच्याकडे येणाऱ्या फळातला बराच भाग बायकांच्या स्वतःच्या परसातला आहे. त्याला बारा वर्षं लागली.

आता शेडची जागा. तुम्ही लिहिलंय, "घरासमोरचं खळं आहे, तिथेच बांधू." खळं कोणाच्या नावावर आहे? सातबारा काढा आणि नावं मोजा. कोकणात एका सातबारावर तीस-चाळीस नावं असणं नेहमीचं आहे. निम्मी मुंबईत, काही वारलेली, काहींचे वारस लागलेलेच नाहीत. सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा, कुळाची नोंद तिथे असते. जुने फेरफारही काढा. आमच्या पहिल्या शेडला वीजजोडणीच्या वेळी सहहिस्सेदारांच्या संमती मागितल्या गेल्या आणि त्यातली एक सही मिळवायला पावणेदोन वर्षं गेली, कारण तो गृहस्थ आपल्या सख्ख्या चुलतभावाशी बोलत नव्हता. तेवढे दिवस आम्ही चुलीवर काम केलं. बँक तर सामायिक जमिनीवर तारण घ्यायला सहसा तयारच होत नाही.

आणि जागा कायद्याने चालण्याजोगी असली, तरी तिथे कोण येईल हा वेगळा प्रश्न. आम्हाला एकदा देवळाच्या धर्मशाळेतली मोठी खोली फुकट मिळत होती. पाणी होतं, वीज होती. मी आनंदाने होकार देणार होते. बौद्धवाडीतल्या दोघी काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून यायच्या थांबल्या. मी घरी गेले तेव्हा त्यातल्या एकीची आई म्हणाली की तिथल्या विहिरीवर आम्हाला कधी जाऊ दिलं नव्हतं, आता 'या' म्हणतात, पण पाय उचलत नाही. महाडचं चवदार तळं कोकणातच आहे. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह हा आपल्याला दरवर्षीचा कार्यक्रम वाटतो; त्या घरात ती जिवंत आठवण होती. आम्ही ती खोली घेतली नाही. दोन वाड्यांच्या मधल्या पायवाटेवर, स्वतःची बोअर मारून, पत्र्याची शेड घातली. खर्च वाढला. पण पहिल्या दिवसापासून पाण्याच्या पिंपावर सगळ्यांचा हात आहे, आणि आमच्या कामातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते.

याच संदर्भात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात एकदा जाऊन या. अप्पासाहेब पटवर्धनांनी तिथे मैल्याचं खत आणि मेलेल्या जनावराचं कातडं ही जातीने ठरवून दिलेली कामं स्वतःच्या हातांनी केली, त्यांना शेतीशी आणि उत्पन्नाशी जोडलं, गोपुरी संडास बनवला. कोकणातल्या समाजहिताच्या उद्योगाचा विचार करताना मला तो माणूस नेहमी आठवतो. गावाला ज्याची लाज वाटत होती तिथूनच त्यांनी काम सुरू केलं.

पैसे कसे वाटायचे, यावर तुम्ही पुण्याच्या संस्थेचा दाखला दिला आहे: महिन्याचा पगार आणि वर्षाअखेर बोनस. तिथे तो चालतो कारण तिथल्या बायकांच्या घरात आणखी कोणाचा तरी महिन्याचा पगार येतो. आमच्या गटातल्या एक बाई म्हणाल्या, "बाई, म्हयन्यान पैसे नको. सांजचा मीठ-मसालो खयसून हाडू?" म्हणजे कुठून आणू? म्हणून आम्ही रोजचे पैसे रोज देतो, मोसम संपेपर्यंत. बोनस हा शब्द मात्र कोणाला पटेना. तो मालकाने खुशीने दिलेला वाटतो.

उत्तर मिळालं ते समुद्रावरून. आमच्या गटात दोघी तोंडवळी-तळाशीलच्या माहेरवाशिणी. त्यांच्या घरी रापण होती. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. आलेल्या मासळीचे वाटे पडतात: ओढणाऱ्या माणसांचे वाटे, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा. दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही कालवणापुरती मासळी मिळते. रापणी आता कमी झाल्या. पर्ससीनच्या, म्हणजे यांत्रिक बोटींवरच्या मोठ्या घेराच्या जाळ्यांच्या, मासेमारीने किनाऱ्याजवळ मासळीच कमी येते असं रापणकर सांगतात, आणि २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले तरी तो झगडा संपलेला नाही. पण वाट्याची ती रीत लोकांच्या हाडात आहे. त्या दोघींनी सुचवलं की वर्षाअखेरच्या शिलकीचे तसेच वाटे पाडू. आज आमचे वाटे असे: शेडवर काम करणाऱ्यांचे, वेचणाऱ्यांचे, आणि एक यंत्राचा. यंत्राच्या वाट्याला कोणी हात लावत नाही, दुरुस्ती त्यातूनच होते. मी दहा बैठका घेऊन घसारा समजावू शकले नव्हते. 'जाळ्याचा वाटा' म्हटल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांना कळला. आजारी असलेल्या बाईला अर्धा वाटा द्यायचा, हेही त्यांनीच ठरवलं.

तुमच्या वाडीत रापण नसेल. पण काहीतरी असेल: लावणीची सावड, म्हणजे आज तुझ्या शेतात उद्या माझ्या, देवळाच्या उत्सवाची वर्गणी, नमनाच्या (लोकनाट्याच्या) मंडळाचा हिशोब, भिशी. गावाने भांडण न होता पैसा किंवा श्रम वाटून घेण्याची जी रीत आधीच बसवली असेल, ती शोधा. नवी घडवायला जाल तर पहिली दोन वर्षं तिच्या समजावणीत जातील.

हंगामाबद्दल थोडक्यात. बोंड, आंबा, कोकम, लाकूडफाटा भरणं, भाजावळ (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं), लग्नं, मुंबईकरांचं येणं, सगळं मार्च ते मे याच दिवसांत आणि त्याच बायकांच्या डोक्यावर. जूनला तरवा (भाताची रोपं), जुलैला लावणी. आठ तासांची पाळी बसणार नाही. आम्ही सकाळी सात ते अकरा आणि ऊन उतरल्यावर दोन तास, असं करतो.

मुंबईचं काय? तुमचे आजोबा गिरणीत होते, म्हणजे गावकीच्या खोलीत राहिलेच असतील. एका गावचे पंधरा-वीस पुरुष एका खोलीत, पाळीपाळीने झोपायचे आणि दरमहा मनीऑर्डर पाठवायचे. त्या खोल्यांमधूनच गावांची मुंबई मंडळं उभी राहिली. शाळा, पाणवठे, देवळं त्यांच्या पैशातून झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत कोकणातल्या घराघरात मनीऑर्डर थांबली. जी माणसं परत आली ती थकून आली, आणि घर चालवायचं काम बायकांवर पडलं. तुमच्या वीस बायकांमध्ये त्या घरांतल्या सुना असतील.

मंडळाचा तुम्हाला दोन प्रकारे उपयोग आहे. पहिला बाजार म्हणून: गणपतीच्या आधी मंडळामार्फत आगाऊ नोंदणी घ्या, माल गावी येणाऱ्या गाड्यांच्या परतीला पाठवा. आमची जवळजवळ अर्धी विक्री अशीच होते आणि दुकानदाराचा वाटा वाचतो. दुसरा, सामायिक जमिनीच्या सह्यांसाठी. पण एक सांभाळा. मंडळाचा शब्द गावात फार वजनदार असतो, आणि तुम्ही स्वतः मुंबईचे आहात. बैठक मुंबईत झाली, निर्णय तिथे झाला आणि गावच्या बायकांना फोनवर कळवला, असं एकदा झालं की त्या कामाला येतील पण काम त्यांचं राहणार नाही. पहिली बैठक वाडीत घ्या, पुरुष मंडळी नसताना घ्या.

राजापूर तालुक्यात आणखी एक गोष्ट मनात धरून जा. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणार आणि बारसूचे तेलशुद्धीकरण प्रकल्प, तिन्ही तुमच्याच तालुक्यातली नावं. नाणारची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, बारसूच्या सड्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी लोक उन्हात बसले. त्या प्रकल्पांबद्दल गावागावात मतं वेगवेगळी आहेत, घराघरातही आहेत. पण शहरातून कोणी 'रोजगार' हा शब्द घेऊन आलं की पहिला प्रश्न एकच असतो: जमीन कोणाच्या नावावर घेणार? म्हणून माझं ठाम मत आहे की पहिली तीन वर्षं एक गुंठाही विकत घेऊ नका, आणि हे पहिल्याच बैठकीत स्वतःहून सांगा. सड्याला पडीकही म्हणू नका. त्याच कातळावर गुरं चरतात, पावसात तिथूनच विहिरींना पाणी उतरतं, आणि त्याच कातळावरची खोदचित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

'साचा आणून बसवता येईल का' याचं उत्तर आता सोपं जाईल. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. कासव महोत्सव २००६ चा. मधल्या चार वर्षांत पर्यटकाचा पैसा नव्हता, रोज पहाटे किनाऱ्यावर चालणं होतं. त्या चालण्यातून गावाचा विश्वास तयार झाला, मग लोकांनी घरं उघडली, बायकांच्या हातचं जेवण आणि पाहुण्यांचा पैसा थेट घरात आला. पुष्कळजण वेळासला जाऊन घरगुती निवासाची कल्पना उचलून आणतात. ती चार वर्षं कोणी उचलून आणत नाही. कुडाळला बांबूचं काम बघायला या, तेही तसंच. इथे माणगा बांबू घरोघरच्या कुंपणाला होताच, कापायची हत्यारं आणि हात होते, मग त्यातून वस्तू आणि बांधकाम उभं राहिलं. पुण्याच्या संस्थेकडून हिशोब ठेवणं, स्वच्छता, लेबल लावणं हे जरूर शिका. माणसं कशी जोडायची ते त्यांच्या जागेचं आहे.

माल निवडताना वीज आणि वादळ विसरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरुडपासून दापोली-मंडणगडपर्यंत सुपारीच्या आणि नारळाच्या बागा झोपवल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते आमच्यावरून गेलं. त्या वेळी आम्ही हौसेने घेतलेल्या शीतपेटीतला सगळा गर वीज नसल्यामुळे फेकावा लागला. पिंपातलं आगळ (कोकमाचा खारा रस), मिठातली सोलं आणि मुटेलाचे गोळे तसेच राहिले. आपल्या आज्यांनी मीठ, ऊन आणि साखर यांवर भर दिला त्याला इथल्या हवेचं कारण आहे. बोंडाचा रस या बाबतीत नाजूक आहे. पहिल्या वर्षी तुम्ही रस ताबडतोब उकळून साखरेच्या पाकात नेऊ शकाल तेवढाच घ्या, साठवणीवर विसंबू नका.

राहता राहिली नोंदणी. खरं सांगायचं तर पहिल्या मोसमाला बायकांचा बचत गट आणि अन्नपरवाना एवढं पुरतं. वाट्यांची रीत एकदा पाळून झाली की कळेल काय हवं. वेचणाऱ्या आणि झाडवाल्या मिळून दहा उत्पादक जमले आणि बाहेर माल विकायचा असला, तर उत्पादक कंपनी बरी. कारण एका व्यक्तीला एक मत राहतं आणि नफा उत्पादकांतच फिरतो. गावात सहकारी सोसायटी नीट चाललेली असेल तर सहकाराचं नाव घेतलं की लोक पुढे येतील, बुडालेली असेल तर त्याच नावाने मागे सरतील. हे तुमच्या गावातल्या सोसायटीचं काय झालं ते विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही. मात्र खाजगी कंपनी स्वतःच्या नावावर काढून नंतर बायकांना भागीदार करीन, असं मनात असेल तर करू नका. 'नंतर' हा शब्द खोतांपासून सगळ्यांनी त्यांना दिलेला आहे.

तुम्ही विचारलंत वेळ किती घालवावा. माझं उत्तर: एक पूर्ण मोसम, फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत. नोकरीतून सुटी मिळत नसेल तर दर शनिवार-रविवार आणि मेचे पंधरा दिवस. बंद घर उघडा, झाडून घ्या, तिथेच राहा. त्या काळात यंत्र घेऊ नका. बायकांबरोबर सकाळी काजूत जा, बी वेचा, बोंड कोण कुठे टाकतं ते बघा. घरच्या पातेल्यात पन्नास बाटल्या सरबत करा आणि मंडळातल्या लोकांना विकून बघा, पैसे त्याच दिवशी वाटून टाका. संध्याकाळी वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे बसा आणि विचारा, आधी या झाडाखाली कोण यायचं.

तोवर तलाठ्याकडून खळ्याचा सातबारा आणि १९५७ च्या आसपासचे फेरफार काढून ठेवा. त्यावर नावं किती आहेत आणि इतर हक्कात काय लिहिलंय ते इथेच कळवा, शेडच्या जागेबद्दल त्यानंतर नेमकं लिहिते.